पावसात गालिचा धुऊ नका वो ताई, आधी तो वाळवा

पत्र असं आहे:

"नमस्कार ताई, आम्ही खानापूरला राहतो. घर जुनं कौलारू, पण सोप्यात दोन वर्षांपूर्वी टाइल्स बसवल्यात. दिरांनी गोव्याहून येताना सहा बाय नऊचा गालिचा आणला, भारीतला आहे म्हणे. जूनपासून त्याला कुबट वास सुटलाय, जवळ बसवत नाही. आमटीचा एक डाग, चहाचे दोन-तीन, आणि धाकटा सव्वा वर्षाचा आहे तो दोनदा शू करून बसलाय. थोरली पाच वर्षांची, तिला सकाळी उठल्यापासून शिंका. गणपतीला पुण्याचे पाहुणे येणार, तेव्हा गालिचा अंथरायचाच असं मिस्टरांचं म्हणणं. सासूबाई म्हणतात मलप्रभेच्या घाटावर नेऊन पावडर टाकून धोपटून काढूया. शेजारच्या काकी म्हणतात सोडा मार, वास जातोय. सासूबाईंच्या माहेरचा एक नवलगुंदचा जमखाना आणि एक घोंगडी पण आहे, घोंगडीला भोकं पडलीत. आणि व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा का? काय करू सांगा. एक सून, खानापूर."

ताई, पहिलं म्हणजे आत्ता त्या गालिच्याला पाणी लावू नका, घाटावर तर अजिबात नको. श्रावणात मलप्रभा कशी असते ते तुम्हाला मी सांगायला नको, कणकुंबीकडे पाऊस लागला की खानापुरात पाणी चढतंय, तिथे ओल्या दगडावर दोन बायकांनी भिजून जड झालेला गालिचा सांभाळायचा म्हणजे जिवाशी खेळ आहे. आणि समजा व्यवस्थित धुऊन आणलात तरी वाळवणार कुठे? आपल्याकडे या दिवसात पातळ साडी दोन दोन दिवस दमट राहते, मग जाड गालिचा आतून कधी वाळणार. तुमच्या गालिच्याला जो वास येतोय तो मळाचा कमी आणि अडकलेल्या ओलीचा जास्त आहे, त्यामुळे त्याला अजून पाणी पाजलं की वास वाढणार.

आता ही ओल येते कुठून ते आधी बघा, कारण ते कळल्याशिवाय बाकीचं सगळं वरवरचं होतंय. गालिचा उचला, खालची टाइल कोरड्या फडक्याने पुसा आणि जिथे दोन टाइल्सचा सांधा आहे तिथे वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. एक दिवस तसाच ठेवा. काढताना प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब जमलेले दिसले तर जमिनीतून ओल वर येतेय, जुन्या मातीच्या घरात वरून टाइल्स बसवल्या की हे हमखास होतंय कारण खाली ओल अडवायला काही घातलेलं नसतं. थेंब प्लास्टिकच्या वरच्या बाजूला असले तर हवेतली ओल गार फरशीवर बसतेय. खालून येत असेल तर पावसाळ्यात त्या जागी गालिचा अंथरायचाच नाही, कितीही साफ करा, पुढच्या आठवड्यात परत वास येणार. वरून येत असेल तर पंखा चालू ठेवून, उघडीप मिळेल तेव्हा दारं खिडक्या उघडून थोडंफार जमवता येतंय. आणि गालिच्याखाली रबरी जाळी किंवा जुने पेपर घातले असतील तर ते आजच काढा, रबर ओल कोंडून धरतं आणि पेपर ती पिऊन बसतात, वर पेपरची शाई गालिच्याच्या पाठीला लागते ती वेगळीच.

दुसरं, गालिचा कशाचा आहे ते शोधा. दुकानदार भारी म्हणाला, सिल्क म्हणाला, त्यावर जाऊ नका. पाठीमागे लेबल असेल तर वाचा, नसेल तर कडेचा एक दोरा उपटा, चिमट्यात धरा आणि न्हाणीघरात स्टीलच्या ताटलीवर काडी लावून जाळून बघा, मुलांना लांब ठेवून. केस जळल्यासारखा वास आला आणि बोटाने चुरगळणारी काळी राख झाली तर लोकर, खरं रेशीम पण असंच जळतं. वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक. कागद जळल्यासारखा वास आणि हलकी करडी राख म्हणजे सुती, ताग नाहीतर व्हिस्कोस. यातला व्हिस्कोस लक्षात ठेवा, तो दिसतो सिल्कसारखा चकचकीत पण ओला झाला की त्याचे धागे कमजोर पडतात आणि वाळल्यावर पिवळट, खरखरीत होतो, त्याला घरी पाणी लावायचं धाडस करू नका. दोरा कडेचा आणि वरचा वेगळा असू शकतो म्हणून शक्य असेल तर वरच्या लवेतला पण एक केसभर घेऊन बघा.

मग गालिचा उलटा करून पाठ बघा. समोरचं डिझाइन पाठीवर गाठी-गाठीनं तसंच दिसत असेल तर विणलेला आहे, दणकट आहे. पाठीवर वेगळं कापड चिकटवलेलं असेल तर आत डिंकासारखा लॅटेक्सचा थर असतो, दुकानात बहुतेक असलेच मिळतात. हा थर वर्षांनुवर्षं ओल खाऊन खाऊन भुकटी होतो आणि त्याचा स्वतःचाच एक आंबट रबरी वास येतो. असा गालिचा धोपटायचा नाही, पाण्यात बुडवायचा तर मुळीच नाही, पाठ सुटून येते. तुमच्या वासाचं कारण हे निघालं तर खरं सांगते, तो वास पूर्ण जायचा नाही, कमी करता येईल एवढंच.

आता वाळवण्याचं. गालिचा सोप्यातून हलवा, दोन बाकांवर नाहीतर चार प्लास्टिकच्या खुर्च्यांवर असा टाका की खालून पण वारा जाईल, वरचा पंखा आणि जमलं तर बाजूनी टेबल फॅन लावा, दर तीन-चार तासांनी पालथा घाला. लोकरीचं कसं आहे, ती स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, म्हणून हात लावून कोरडा वाटला म्हणजे वाळला असं धरू नका, वास जाईपर्यंत आणि उचलताना हलका लागेपर्यंत चालू ठेवा. चुलीवर दोरी बांधून कपडे वाळवतात तसं याला करू नका, धूर बसतो आणि सिंथेटिक असेल तर एका ठिणगीत वितळतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून वाळवायचं तर मनात पण आणू नका, त्यातून निघणाऱ्या न दिसणाऱ्या विषारी वायूने माणसं झोपेत जातात.

काकींचा सोडा चालतो, पण वाळवून झाल्यावर. खाण्याचा सोडा घ्यायचा, धुण्याचा नव्हे, चाळणीने पातळ भुरभुरायचा, तासभर ठेवायचा आणि व्हॅक्यूमने नाहीतर परड्यात झटकून पूर्ण काढायचा. दमट गालिच्यावर मारलात तर तो लवेच्या मुळाशी थापून बसतो आणि मग निघता निघत नाही. लोकरीवर तर क्वचितच वापरा, लोकरीला सोड्याचा खारेपणा सोसत नाही. आणि एक कळून घ्या, सोड्याने वास ओढला जातो, बुरशी मरत नाही. पाठीवर काळे-हिरवे ठिपके दिसत असतील तर ती बुरशी आहे, तोंडाला रुमाल बांधून, मुलं घरात असताना नको, बाहेर पत्र्याखाली नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, आणि पाठभर पसरली असेल तर त्या गालिच्याचा मोह सोडा. थोरलीला शिंका येतात म्हणताय ना, म्हणून जरा कडक बोलतेय.

शिंकांचं पण सांगते. गालिच्यात, गाद्यांत डोळ्याला न दिसणारे धुळीचे किडे राहतात, त्यांची विष्ठा हवेत उडाली की कित्येकांना सकाळी सकाळी शिंका आणि नाक गळणं सुरू होतं. हे किडे हवेतली ओल पिऊनच जगतात, हवेतला दमटपणा पन्नास टक्क्यांच्या खाली राहिला तर ते टिकत नाहीत, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात दमटपणा त्याच्या कितीतरी वर असतो. म्हणजे पावसाळ्यातला अंथरलेला गालिचा ही त्यांची सुगी. पोरीला महिनाभर गालिच्याशिवाय ठेवून बघा, तिच्या उशा-चादरी आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात धुवा, तरी शिंका थांबल्या नाहीत, रात्री खोकला किंवा छातीत घरघर असली तर डॉक्टरांना दाखवाच.

डागांकडे येऊया. पहिला नियम, घासायचं नाही, टिपायचं. पांढरं सुती फडकं घ्या, कडेकडून मध्याकडे दाबत या. काहीही लावायच्या आधी कोपऱ्यात ओलं पांढरं फडकं दाबून बघा, रंग फडक्यावर आला तर थांबा. सांडल्या सांडल्या केलं तर अर्धं काम तिथेच होतंय, तुमचे जुने आहेत तर वेळ लागेल. आणि हे सगळं डागापुरतं, फडकं पिळून, गालिचा पाठीपर्यंत भिजता कामा नये.

चहाचे डाग: कपभर गार पाण्यात भांड्याचं लिक्विड चमचाभर, त्याने टिपा, मग नुसत्या पाण्याच्या फडक्याने टिपा, तरी पिवळट उरलं तर एक भाग पांढरं व्हिनेगर दोन भाग पाणी करून टिपा. दुधाचा चहा असल्यामुळे गरम पाणी लावू नका, दूध धाग्यात पक्कं बसतं.

आमटीचा डाग म्हणजे तेल आणि हळद दोन्ही. आधी तेल काढा, डागावर टाल्कम पावडर नाहीतर कॉर्नफ्लोअर दाबून तासभर ठेवा, झाडा, परत लावा. नंतर तेच लिक्विडचं पाणी. कपड्याचा साबण, पावडर, सोडा लावलात तर पिवळा डाग लालभडक होतो, हळदीला खार लागला की कुंकू होतंय हे सासूबाईंना माहीत असेल, कुंकू तसंच करतात की. घाबरून जाऊ नका, व्हिनेगरच्या पाण्याने परत पिवळ्यावर येतो. उरलेली पिवळी झाक ऊन लागलं की हळूहळू उडते, हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, तर ते काम दसऱ्यानंतरच्या उन्हावर सोडा.

शूचं मात्र आत्ताच करा कारण कुबट वासात त्याचा वाटा असणार. वाळलेल्या लघवीचे क्षार धाग्यात राहतात, हवा दमट झाली की ते ओल ओढून घेतात आणि वास परत उठतो, म्हणून उन्हाळ्यात गेला वाटणारा वास पावसात आला. त्या जागी व्हिनेगरचं पाणी लावून टिपा, मग साधं पाणी, मग कोरड्या टॉवेलवर वजन ठेवून ओल ओढून घ्या आणि लगेच पंखा. तरी येत असेल तर कुत्र्या-मांजरांच्या सामानाच्या दुकानात लघवीच्या डागांसाठी एन्झाइमचं लिक्विड मिळतं, सुती किंवा सिंथेटिक असेल तर ते चांगलं काम करतं, लोकर असेल तर बाटलीवर लोकरीला चालतं असं लिहिलेलं बघूनच घ्या. फिनेल टाकू नका, नुसता एका वासावर दुसरा वास चढतो आणि रांगतं पोर त्याच गालिच्यावर तोंड टेकवतंय.

गणपतीचं काय? मिस्टरांना सांगा, पाहुण्यांना जमखान्यावर बसवा. खरंच सांगते, घरात नवलगुंदचा जमखाना असताना दुकानातल्या गालिच्यासाठी जीव टाकायची गरज नाही. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदच्या बायका हातमागावर विणतात तो, सुती, मोरांची आणि चौकटींची नक्षी असलेला, त्याला जीआय मानांकन, म्हणजे त्या गावची खासियत असल्याचा सरकारी शिक्का, पण आहे. सुती असल्यामुळे पातळ, झटकायला सोपा, पंख्याखाली वाळतो. गौरी-गणपतीत जेवणावळ झाली की रोज रात्री उचलून झटकून दोरीवर टाकायचा, जमिनीवर रात्रभर ठेवायचा नाही. त्याला धुवायचं दसऱ्यानंतरच, गार पाण्यात, रंग जातो का बघून, सावलीत वाळवून. जुना आहे, माहेरचा आहे, सासूबाईंना बरं पण वाटेल.

गालिच्याची मोठी धुलाई दसरा ते होळी या काळात करायची, कोरडी हवा, सरळ ऊन आणि वारा. सकाळी लवकर सुरू करा म्हणजे संध्याकाळपर्यंत बरंच वाळेल. आधी उलटा अंथरून पाठीवरून हलकं थोपटा, खालच्या फरशीवर जी तांबडी माती पडेल ती बघून तुम्हीच चकित व्हाल. ही बारीक रेवच गालिचा खाते, पायाखाली दाबली गेली की धागे मुळाशी कापले जातात. मग लोकर असेल तर गार पाणी आणि ईझीसारखं लोकरीचं लिक्विड, बस. सासूबाईंच्या पावडरला नम्रपणे नाही म्हणा, कपड्याच्या पावडरीतला खार लोकरीला कडक करतो, आणि बऱ्याच पावडरींत प्रोटीनचे डाग खाणारी एन्झाइम असतात, लोकर पण प्रोटीनच की. ब्लीच तर लोकर विरघळवतं. धोपाटण्याने मारलं की लोकर गोळा होऊन आटते, घोंगडी जशी घट्ट होते तशी, घोंगडीला ते शोभतं, गालिच्याला नाही. मऊ ब्रशने लवेच्या दिशेनंच घासा, फेस जाईपर्यंत पाणी मारा, फरशीच्या वायपरने दाबून पाणी काढा. ओला गालिचा दोरीवर टाकू नका, स्वतःच्या वजनाने वाकडा होतो, बाजेवर किंवा बांबूंच्या मांडवावर सपाट पसरा. दोन दिवसात पूर्ण वाळला पाहिजे, नाहीतर परत पहिले पाढे. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं पाणी नळाचं वापरा, पांढरी पूड बसत नाही. चिकटवलेल्या पाठीचा असेल तर हे सगळं सोडून द्या, फक्त वरून फेस करून फडक्याने टिपून घ्या.

बेळगावात ड्राय क्लीनरकडे द्यायचा विचार असेल तर द्या, विणलेला लोकरीचा असेल तर ते बरंच आहे, पण आत्ता नको, आणि देताना विचारा वाळवता कुठे. "गच्चीवर" असं उत्तर आलं तर पावसात देऊ नका.

घोंगडीची भोकं म्हणजे कसर. ती फक्त लोकर, केस, पीस, रेशीम असलं खाते, त्यातही मळकी, घामट लोकर तिला जास्त आवडते, अंधारात, न हलवलेल्या ट्रंकेत. घोंगडी बाहेर काढा, ब्रशने शिवण आणि घड्या झाडा, पांढुरक्या अळ्या, जाळी दिसली तर काढून टाका. कुणाकडे डीप फ्रीज असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठ-दहा दिवस आत ठेवा, अंडी पण मरतात. नाहीतर उघडीप मिळेल तशी कडक उन्हात दोन्ही बाजूंनी टाका. मग वेखंडाची आणि वाळलेल्या कडूलिंबाच्या पानांची पुरचुंडी घालून ठेवा, पण भरवसा पुरचुंडीवर ठेवू नका, महिन्या दोन महिन्याला हलवून झटकणं हाच खरा उपाय. डांबराच्या गोळ्या घरात लहान बाळ आहे म्हणून नकोत, काही बाळांच्या रक्तावर त्याचा वाईट परिणाम होतो आणि कुणाच्या बाळाला होईल ते आधी कळत नाही. गालिचा लोकरीचा निघाला तर त्याच्या कडा आणि सोफ्याखालचा भाग पण तपासा, कसर एकीकडून दुसरीकडे जाते.

पुढच्या वर्षीपासून मृग लागायच्या आधी, मेच्या शेवटच्या कडक उन्हात, गालिचा झाडून, दोन्ही बाजूनी ऊन देऊन, पाइपभोवती गुंडाळा, घडी घालू नका, जुन्या सुती चादरीत बांधा, प्लास्टिकमध्ये नको, आणि बाहेरच्या भिंतीला न टेकवता माळ्यावर ठेवा. अथणी, रायबागकडच्या वाचकांना हे जास्तीचं वाटेल, तिकडे पाऊस थोडा, तिथे पावसाळ्यात पण अंथरला तर चालतंय, त्यांचा वैरी धूळ आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात मात्र चार महिने गालिचा वर.

राहिला व्हॅक्यूम. दसऱ्यानंतर गालिचा रोज अंथरणार असाल आणि पोरीच्या शिंका धुळीने आहेत असं ठरलं तर घ्या, आणि घ्यायचा तर हेपा फिल्टरचा, नाहीतर साधा व्हॅक्यूम बारीक धूळ मागून परत खोलीत सोडतो. आठवड्यातून एकदा सावकाश, वर्दळीच्या जागी दोनदा, महिन्यातून एकदा पाठीवरून. फिरणारा ब्रश असेल तर हाताने विणलेल्यावर तो बंद ठेवा, झालरीवरून तर फिरवूच नका, गुंडाळून ओढतो. जमखान्यापुरतं असेल तर व्हॅक्यूम कशाला वो, मऊ केरसुणी आणि दोन माणसांनी चार टोकं धरून झटकणं पुरतंय. पैसे घालायचेच तर आधी दारात काथ्याचं एक आणि आत सुती एक अशी दोन पायपुसणी घाला, चपला पायरीवर ठेवायची सवय लावा, तांबडी माती निम्मी तिथेच थांबते.

दोरा जाळून काय निघालं ते आणि गालिच्याच्या पाठीचा एक फोटो पाठवा. व्हिस्कोस किंवा पाठ सुटलेली दिसली तर दसऱ्याचा धुण्याचा बेत आपण बदलू.